पाणी मारल्यावर

डॉक्टरीणबाईनं सूर्यभानच्या हातात एक रिकामी सिरिंज दिली, सुई काढलेली, आणि म्हणली, "फुंक यात. आतला दट्ट्या हलला पाहिजे. मी पंधरा मोजेपर्यंत सोडायचं नाही." सूर्याला वाटलं बाई आपली मजाक करती. इकडं छातीत कोणीतरी मोटरसायकल रेस करून तशीच सोडून दिलेली, गळ्याच्या दोन्ही बाजूच्या शिरा थडथड उडायल्या, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि ही म्हणती फुंक. एरवी त्यानं ती सिरिंज भिरकावून दिली असती. पण दारात बन्सी उभा होता, ज्याच्यासंगं तो फ्लेक्सच्या फ्रेमा ठोकायचं काम करायचा, आणि बन्सीचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलेलं, म्हणून फुंकला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, दट्ट्या केसभर हलला. पंधरा झाल्याबरोबर बाईनं त्याला झटकन आडवं पाडलं आणि नर्सनं दोन्ही पाय धरून वर उचलले, कोंबडीचे धरतात तसे. छातीत एकदा जोरात धप् झालं. मग काहीच नाही. मग साधं, रोजचं, कोणाच्या ध्यानात न येणारं टिकटिक. मशीनमधून सरकत आलेल्या कागदावर बाईनं बोट ठेवलं. "हे बघ. इथपर्यंत मिनिटाला एकशे नव्वद. इथून पुढं ब्याऐंशी. गेलं." बन्सी दोन पावलं आत आला. "बस? इतनाच?"

इतनाच. सूर्या टेबलावर पडल्या पडल्या वरच्या पंख्याकडं बघत राहिला. ज्याच्यापुढं माणसं भंडारा घेऊन उभी राहिली, नारळं फुटली, सख्ख्या बापानं पोराच्या पायावर डोकं ठेवलं, ते एका पिचकारीत फुंकल्यावर निघून गेलं. त्याला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. उलट कानाच्या पाळ्या तापल्या, चारचौघांत चड्डी फाटल्यावर तापतात तशा. तासाभरापूर्वी क्रांती चौकात कोण्या भाऊच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावताना हातोडी खाली पडली, ती उचलायला तो वाकला, आणि वाकल्या वाकल्या सुरू झालं. बन्सीला याच्या घरचं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यानं हात जोडले असते आणि कोणाला तरी हळद आणायला पिटाळलं असतं. माहीत नव्हतं म्हणून रिक्षा थांबवली, रिक्षावाला म्हणला, "लू लगी है भाई, पानी पिलाव इसकू," आणि दहा मिनिटांत उस्मानपुऱ्यातल्या या दवाखान्यात आणून टाकलं. हे सुरू झाल्यापासून पहिल्यांदा याला कोणीतरी आजारी समजलं.

बाई स्टूल ओढून बसली. चांगली होती, घाई नव्हती तिला. "सुरू कसं होतं? हळूहळू वाढत जातं, का एकदम?" "एकदम. बटन दाबल्यावानी." "खाली वाकल्यावर?" "लई वेळा वाकल्यावरच." "आणि थांबतं कसं?" "तसंच. बटन बंद केल्यावानी." "म्हणजे थांबलेलं तुला नक्की कळतं?" "कळतं की," तो म्हणला, आणि म्हणल्यावर जीभ टाळूला चिकटली. बाईला त्यात काही वावगं दिसलं नाही, ती लिहीत राहिली. मग तिनं त्याच कागदाच्या मागं पेनानं काढून दाखवलं. हृदयात एक करंट असतो, तो ठरलेल्या रस्त्यानं जातो, तुझ्यात जन्मापासून एक गल्ली जास्तीची आहे, कधीमधी करंट त्या गल्लीत शिरतो आणि गोल गोल फिरत बसतो, चौकात चुकलेल्या रिक्षासारखा. भ्यायचं नाही. पण चक्कर आली, छातीत दुखलं, नाही तर लई वेळ थांबलंच नाही, तर तडक दवाखाना गाठायचा. मोठ्या डॉक्टरकडं चिठ्ठी देते, ती गल्ली बंद करता येते. "बऱ्याच जणांचं तोंडावर गार पाणी मारलं तरी थांबतं. तुझं थांबतं का कधी?" सूर्यानं नजर पंख्याकडं वळवली. "अबे, तेरेकू पूछ रयी ना मॅडम," बन्सी म्हणला, "जवाब दे ना." सूर्या त्याच्यावर खेकसला, "तू भायेर थांब बे!" आणि मग बाईकडं न बघता म्हणला, "थांबतं."

भायेर आल्यावर बन्सीला त्यानं कामावर पाठवून दिलं. घरी जातो म्हणून सांगितलं आणि घराच्या उलट्या बाजूला चालायला लागला. खिशात त्या कागदाची घडी. त्याचा विचार एकदम सोपा होता आणि त्या सोपेपणानं त्याला बरं वाटत होतं. कडूबाकाकानं घराभायेर काढलेली त्याची बायको, कस्तुराकाकू, बीड बायपासला एका मंगल कार्यालयात भांडी घासायला असती. तिला कागद दाखवायचा. म्हणायचं, काकू, ती बिमारी व्हती, बघ, मशीनवर आलीय. मी नव्हतो बोललो. देव बी नव्हता. मग काकू खुलताबादच्या घाटाखाली वस्तीवर जाईल, कडूबाकाका तिला घरात घेईल, झालं. एखादा बोर्ड उलटा लागला की उतरवून सुलटा लावायचा, एवढंच काम. उन्हानं डांबर मऊ पडलेलं, चपलीला चिकटत होतं. दर्ग्याच्या चौकात तो उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबला, पिला नाही, नुसता बर्फ फोडणाऱ्याकडं बघत राहिला, आणि गार पाणी आठवलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा तो पंधराचा होता. वस्तीवर लिंबाखाली बिरोबाचं ठाणं, शेंदराचे तीन दगड आणि एक घंटी. यात्रेचा दिवस. बाप, सांडू, वस्ती सोडून शहरात हमालीला आलेला, पण यात्रेला सगळ्यांना घेऊन जायचाच. सूर्यानं नारळ ठेवला, पाया पडायला वाकला, आणि वर उठला तो छातीत हे. घाबरून त्यानं आईचा हात धरला. त्याला म्हणायचं होतं, माय, मला कसं तरी व्हायलंय. पण ढोल वाजत होता, कोणाला ऐकू गेलं नाही. माणसांना दिसलं ते एवढंच, की पोरगं देवापुढं वाकलं आणि उठताना थरथरायलं, गळ्याच्या शिरा नाचायल्या, डोळे फिरले. "आलं! वारं आलं!" कडूबाकाकाच ओरडला पहिल्यांदा. काकाचा बाप, सूर्याचा आजा, झाड होता, म्हणजे त्याच्या अंगात देव यायचा. तो मेल्यापासून घरात कोणाच्या अंगात आलं नव्हतं. काका तेरा वर्षं वाट बघत होता. त्यानं मूठभर भंडारा पोराच्या डोक्यावर उधळला, आणि नाकातोंडात हळद गेलेला सूर्या खोकत, थरथरत, मरायच्या भीतीनं रडत उभा राहिला, आणि त्याचं रडणंसुद्धा देवाचंच धरलं गेलं. मग रांजणातलं गार पाणी तोंडावर मारलं. धप्. थांबलं. "देव शांत झाला," बायका म्हणल्या. नंतर त्याला तीनदा लघवीला जावं लागलं. त्याच्यावरसुद्धा एका म्हाताऱ्यानं मान डोलावली, की पूर्वी बी असंच व्हायचं.

नववीत दोनदा बसलेलं पोरगं. वर्गात मागचा बाक, घरात बापाच्या शिव्या, चुलतभावंडं याला बघून खिदळायची. अशा पोराला एका दुपारी पन्नास माणसं हात जोडतात. आता चालता चालता त्याला ते आठवलं आणि रस्त्यावर कोणी आपल्याकडं बघतंय का म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं. कारण पहिल्या वेळची भीती खरी होती. दुसऱ्या वेळेची पण. तिसऱ्या वेळी धप् झाल्यावर तो जरा जास्तच डोलला. किती, तर चुलतभावाच्या डोळ्यांतली भीती नीट बघून होईल इतकाच. हे त्यानं आजपर्यंत स्वतःलाच सांगितलं नव्हतं. आत कुठंतरी होतं, पण बघायचं नाही असं ठरवल्यावर माणसाला बघायला लागत नाही. ती डॉक्टरीण, चष्म्यातून बघत, साधं विचारून गेली. थांबलेलं तुला नक्की कळतं?

बायपासच्या पुलावर तो मधेच थांबला. खालून रेल्वेचे रूळ गेलेले. हात कठड्याला लावला तर चटका बसला, तरी तो तसाच राहू दिला. चौदा मेंढरं मेली तो दिवस रविवार होता. कापणीनंतरच्या धसकटाला पाण्यानं कोवळे फुटवे आलेले, कळप त्यात शिरला, घटकेत पोटं फुगून एकेक आडवं. सरकारी जनावराचा डॉक्टर आला, म्हणला, कोवळी ज्वारी खाल्ली, विषारी असती. पण काकाला ते पटलं नाही, चौदा जीव पाल्यानं मरत नसतात, काहीतरी चुकलं म्हणूनच देवानं नेले. मग शहरातून सूर्याला बोलावलं. आणि नेमकं तो वस्तीवर जायच्या आदल्याच दिवशी कस्तुराकाकूनं, जी तेव्हा बाजाराला म्हणून शहरात यांच्याकडं उतरली होती, बापाला सांगितलं होतं, "भावजी, पोरगं महिनाभर शाळंत गेलेलं नाय. दप्तर तिकडं भंगारवाल्याच्या शेडात ठेवतंय. मी डोळ्यानं बघितलं." बापानं पाण्याच्या पाइपानं फोडून काढला होता, गल्लीत, सगळ्यांसमोर. काकू मधे पडली, "बास करा, मरंल ते," म्हणून पाइप धरला. ते त्याला दिसलं नाही. दिसलं ते तिचं सांगणं.

ठाण्यापुढं तो वाकला. आलंच. आता ते बोलावलं तर येतं हे त्याला उमजायला लागलं होतं. काका समोर बसून रडत विचारत होता, "देवा, काय चुकलं? कोणाचं चुकलं?" आणि सूर्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, कारण तेवढ्या धडधडीत माणूस बोलूच शकत नाही, श्वासच पुरत नाही. हे आता कळतंय. कोणीतरी पाणी मारलं. धप्. थांबलं. छाती शांत, डोकं शांत, पाठीवरचे पाइपाचे वळ तेवढे चरचरत होते. समोर बायकांत काकू उभी. आणि त्यानं मान गरागरा फिरवत, घोगऱ्या आवाजात सांगितलं, "घरच्या बाईनं इटाळ कालवला! इटाळशी हातानं माझं पाणी भरलं!"

पाण्याच्या आधी नाही. पाण्यानंतर.

पुलावरनं एक टँकर गेला, पूल हादरला. खिशातला कागद त्याला आता जड वाटायला लागला. एकशे नव्वद जिथं संपतात तिथं बाईनं पेनानं रेघ मारली होती, आणि काकूवर घेतलेला आळ त्या रेघेच्या अलीकडं बसत नव्हता, कितीही ढकललं तरी. त्याला राग आला. डॉक्टरीणबाईचा, बन्सीचा, पाणी कोणी मारलं त्याचा, काकाचा, ज्याला तेरा वर्षं देव पाहिजे होता. एकेकाचा राग करून झाला आणि मग कोणी उरलं नाही.

मंगल कार्यालयाच्या मागं पत्र्याच्या सावलीत काकू एका कढईत जवळजवळ आत शिरून घासत होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची भांडी, डोंगर लागलेला. अनवाणी होती. तिनं याला पाहिलं, लगबगीनं उठली, राखेच्या हातानंच डोक्यावर पदर घेतला आणि दोन हात मागं सरकली. "तिकडं सावलीत उभं ऱ्हावा. माझं खरकटं पाणी उडंल अंगावर." लहानपणी याचं नाक पुसलेल्या बाईनं याला ‘ऱ्हावा’ म्हणलं.

"काकू, तू बस. मला काहीतरी दाखवायचंय."

"घरी समदे बरे हायत ना? ह्यांची तब्येत?"

"बरे हायत. हे बघ." त्यानं कागद उघडला. "मला बिमारी हाय. छातीतली. आज डॉक्टरनं धरली. ते अंगात येणं बिणं काय नाय काकू, वाकलं का व्हतंय, पाणी मारलं का थांबतंय. ही रेघ बघ, इथं फास्ट, इथं साधं. देव कधी आलाच नाय."

काकूनं कागदाला हात लावला नाही, हात ओले होते. मान वाकडी करून त्या बारीक बारीक टोकांकडं बघत राहिली. "दुखतं का रे?" तिनं विचारलं.

"नाय. नुसतं धडधडतं."

"जिवाला धोका?"

"नाय म्हणली."

तिनं श्वास सोडला आणि उलट्या घातलेल्या पातेल्यावर टेकली. "लेकराच्या छातीत रोग आन् आमी भंडारा उधळत बसलो. तुझ्या मायला म्हणले व्हते मी एकदा, बाई, पोरगं पिवळं पडलंय, दवाखान्यात ने. तर म्हणे गप, देवाला दवाखाना दावती का." मग ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं बघून. "जाऊ दे. म्हंजी तू बी नव्हतास अन् देव बी नव्हता. बिमारीत माणूस काय बी बरळतं. तुझा काय दोष त्याच्यात, सूर्या?"

झालं होतं. जे घ्यायला तो आला होता ते तिनं न मागता दिलं होतं, सूर्या म्हणून, पहिल्यासारखं. आता नुसतं ‘व्हय’ म्हणायचं आणि कागदाची घडी घालायची. त्यानं घडी घातली. एक घडी, दुसरी घडी.

"तवा थांबलं व्हतं, काकू."

"काय?"

"तुझ्यावर आळ घेतला तवा. पाणी मारल्यावर थांबलं व्हतं. मला काय बी व्हत नव्हतं. मी शुद्धीत व्हतो." तो भरभर बोलायला लागला, थांबलं तर परत निघणार नाही म्हणून. "तू दप्तराचं सांगितलं व्हतं म्हणून बोललो. राग आला व्हता. मला काय माहीत नव्हतं तू खरंच पाणी घातलेलं. मी आपलं… बायांना लागंल असं काहीतरी बोललो. तूच एकदम पुढं येऊन म्हणलीस, व्हय देवा, घातलं."

काकूच्या हातातली घासणी तशीच राहिली. राखेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तिनं पुसलं नाही. मेंढरं मेली त्या दिवशी घरात दुसरं कोणी नव्हतं. दुसरा दिवस होता तिचा. देवाचं पाणी एक दिवस चुकू नये म्हणून तिनंच पाण्याची बिंदगी उचलली होती आणि कोणाला सांगितलं नव्हतं. ते फक्त तिला आणि देवाला माहीत होतं.

"मी म्हणायचे," ती हळूच बोलली, त्याच्याशी नाहीच, कढईशी, "चौदा मुकी जनावरं मारली म्या. देवानं बघितलं, देवानं सांगितलं, देवानं घराभायेर काढलं. बरोबर केलं म्हणायचे. दर रईवारी उपाशी ऱ्हायले. पायात घातलं नाय. त्याच्यावरच काढली की दोन वर्सं. न्हाय तर कशावर काढली असती?" मग तिनं मान वर केली. "देवानं काढलं ते सोसलं रे. पोरानं काढलं ते कसं सोसू, सांग. तू सांग ना. लई बोलता येतंय ना तुला."

त्याला वाटलं आता ही मारेल. मारलं तर बरं होईल, असंही वाटलं. तिनं मारलं नाही. घासणी घेतली, कढई ओढली आणि परत घासायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात, एकाच जागी. त्याला जा म्हणली नाही, बस म्हणली नाही. पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, खरकट्याकडं बघून उडून गेला. सूर्या उभाच. आईबापाला कळल्यावर काय होईल ते त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. सिल्लोडपासून माणसं येतात आता त्याला विचारायला. बाप त्याला हमालीला चल म्हणत नाही, पहिली भाकर त्याला वाढतात. परत तो नववी नापास सूर्या होईल, आणि त्याच्याहून वाईट, कारण नापास पोरानं फसवलं असं निदान कोणी म्हणत नाही.

"काकू, तुझा फोन दे. काकाला लावतो."

"माझा नंबर बघून उचलत नायत ते," ती घासतच म्हणली. "दोन वर्सं झाली."

त्यानं स्वतःचा काढला. नंबर शोधताना अंगठा दोनदा चुकला. लावला, आणि तिलाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा करून पातेल्यावर ठेवला. काकूचं घासणं थांबलं. एक रिंग, दोन. तिसरी पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला. मागं मेंढरं ओरडत होती, आणि कडूबाकाका, जो याला लहानपणी कान धरून कळपामागं पळवायचा, ए शेंबड्या म्हणून हाक मारायचा, तोच काका घाईघाईनं, बहुतेक डोक्यावरचा पटका सारखा करत म्हणला, "बोला देवा. काय हुकूम?"

काकू याच्याकडं बघत होती.

"काका," सूर्या म्हणला, "देव नाय. मी सूर्या हाय. कस्तुराकाकूपाशी आलोय. फोन ठिवू नका."